पोटाला आधार नसताना: जेवण टाळून पिण्यातला दुहेरी धोका

"रात्री बसायचंय, म्हणून आज डबा नकोच." खारघर-नेरुळच्या पीजीमध्ये, ठाण्यातल्या कॉलेजांच्या कट्ट्यांवर हे वाक्य इतक्या सहज बोललं जातं की ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. गटारी असो, ३१ डिसेंबर असो की सेमिस्टर संपल्याची पार्टी, काही मुलंमुली त्या दिवशी सकाळपासून मुद्दाम उपाशी राहतात. कुणाला वजन वाढण्याची धास्ती असते, कुणाला कमी पैशांत लवकर चढायला हवी असते. बऱ्याचदा दोन्ही कारणं एकत्र असतात आणि तोंडाने मात्र पैशांचंच सांगितलं जातं.

अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी २००८ च्या सुमारास या सवयीला 'ड्रंकोरेक्सिया' असं नाव दिलं. वैद्यकीय ग्रंथांत या नावाचा स्वतंत्र आजार नाही. हा दोन धोक्यांचा सांधा आहे: एकीकडे खाण्याचं बिघडलेलं नातं, दुसरीकडे झपाट्याने आणि जास्त पिणं. आपल्याकडे व्यसनमुक्तीचं व्याख्यान वेगळ्या दिवशी होतं, आहाराचं वेगळ्या दिवशी, आणि हा सांधा दोन्हींतून निसटतो. म्हणून इथे त्याच्याबद्दलच लिहायचं आहे.

पोटात नेमकं काय होतं

जुनी माणसं "पोटाला आधार हवा" म्हणतात, ते शरीरशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. दारू थोडी जठरात शोषली जाते, पण बहुतेक सगळी लहान आतड्यात. जठर आणि लहान आतडं यांच्यामध्ये एक झडप असते. पोटात वरण-भात, पोळी-भाजी असली की ही झडप अन्न थोडं थोडं पुढे सोडते आणि दारूही त्याच्यासोबत रेंगाळते. तेवढ्या वेळात जठरातलं एक विकर (एन्झाइम) दारूचा थोडा भाग तिथेच मोडतं आणि यकृतही हळूहळू येणारी दारू हाताळू शकतं. पोट रिकामं असेल तर झडप उघडीच मिळते. अर्ध्या ते एक तासात रक्तातली पातळी शिखराला पोचते आणि ते शिखर जेवलेल्या माणसापेक्षा बरंच उंच असतं. तेवढीच दारू, तोच माणूस, तरी परिणाम वेगळा.

"किती प्यायलो" हे बाटल्यांत मोजलं की फसगत होते. ग्रॅममध्ये मोजा. सूत्र सोपं आहे: मिलिलिटर गुणिले टक्केवारी, भागिले १००, गुणिले ०.८. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली ८ टक्क्यांची असेल तर तिच्यात सुमारे ४२ ग्रॅम अल्कोहोल असतं. ५ टक्क्यांची माइल्ड असेल तर सुमारे २६. व्हिस्की-रमचा ३० मिलीचा छोटा पेग ४२.८ टक्क्यांनी सुमारे १० ग्रॅम, आणि क्वार्टर, म्हणजे १८० मिली, सुमारे ६० ग्रॅम. फळांच्या चवीची गोड २७५ मिलीची बाटली ४.८ टक्क्यांची असली तरी तिच्यात एका छोट्या पेगइतकं अल्कोहोल आहे. ती सरबतासारखी लागते, म्हणून सरबतासारखी प्यायली जाते.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निपटतं. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. स्ट्राँग बिअरची एक बाटली उतरायला चार ते सहा तास, क्वार्टरला सहा ते नऊ. मध्यरात्री संपवलेली क्वार्टर सकाळी सातच्या प्रॅक्टिकलला स्कूटर काढताना रक्तात शिल्लक असू शकते, आणि गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम.

मुलींना हे गणित जास्त कडक पडतं. त्यांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं आणि जठरातलं ते विकरही सरासरीने कमी काम करतं. तीच स्ट्राँग बाटली ७० किलोच्या मुलाने आणि ५० किलोच्या मुलीने तितक्याच वेळात प्यायली, तर मुलीच्या रक्तातली पातळी साधारण दीडपट ते पावणेदोन पट चढते. "मी त्याच्याएवढीच घेतली" याला शरीराच्या हिशेबात अर्थ नाही.

आता सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग: साखर. उपाशी असताना रक्तातली साखर टिकवायचं काम यकृताचं. आधी ते ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, मोडतं. हा साठा दिवसभराच्या उपासाने बराचसा रिता होतो. मग यकृत इतर द्रव्यांपासून नवी साखर तयार करायला घेतं, आणि नेमकी हीच प्रक्रिया दारू अडवते. दिवसभर उपाशी राहून रात्री प्यायलेल्या मुलाची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. दरदरून घाम, थरथर, बडबड, गोंधळ, मग ग्लानी. बघणाऱ्याला वाटतं, "याला चढलीये, झोपू दे." इन्शुलिन घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतू शकते.

एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळून पिणं हा यातला आणखी एक फसवा प्रकार. कॅफिनने झोप पळते, नशा पळत नाही. आपल्याकडच्या नियमांनुसार अशा पेयांत लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन असू शकतं, म्हणजे २५० मिलीच्या कॅनमध्ये ७५. शरीर जी "आता पुरे" ची सूचना देतं, ती पेंग त्यामुळे दबते आणि हात पुढच्या ग्लासकडे जातो. दुसऱ्या दिवशी डोकं धरून उठल्यावर रिकाम्या पोटी आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतली तर आधीच सोललेल्या जठराला आणखी इजा. पॅरासिटामॉलचंही जपून, कारण उपास आणि दारू दोन्हींमुळे यकृतातलं संरक्षक द्रव्य कमी झालेलं असतं. झोपेच्या किंवा सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या दारूबरोबर घेऊच नयेत.

उपास, डाएट आणि आजार

कॅलरी वाचवण्याचा हिशेब मुळातच चुकीचा आहे. दारूतून ऊर्जा मिळते, पण प्रथिनं, लोह, कॅल्शियम काही मिळत नाही. जेवण काढून त्या जागी दारू ठेवली की वजनाचा काटा कदाचित तिथेच राहील, शरीर मात्र आतून उपाशी राहतं. पदार्थांच्या कॅलरींचे आकडे या लेखात मुद्दाम दिलेले नाहीत. ज्याच्या डोक्यात आधीच आकडे घुमत असतात, त्याच्या हाती आणखी आकडे देणं उपायाऐवजी अपाय करतं.

दिवसभर उपाशी राहून रात्री ताबा सुटतो, हा मनाचा कमकुवतपणा नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. ते तरुण दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावरही काहींना खाणं थांबवता येईना. त्यांना आधी खाण्याचा कुठलाही आजार नव्हता. उपासमारीनेच मेंदू तसा वागू लागला. आपल्या मुलीच्या फोनमध्ये दिवसभर रेसिपीचे व्हिडिओ चालतात आणि ताटात मात्र दोन घास, हे दिसलं तर हा प्रयोग आठवावा.

आपल्याकडे एक वेगळी अडचण आहे: उपासाला मान आहे. एकादशी, चतुर्थी, नवरात्र हे उपास आजार नाहीत. त्यांना सुरुवात असते, शेवट असतो, फराळ असतो आणि उपास सोडताना घरात आनंद असतो. पण आधी फक्त सोमवार, मग गुरुवार, मग शनिवार, फराळही बंद, सोडायच्या दिवशी "भूकच नाही" आणि कुणी आग्रह केला की रडारड, अशी चढती कमान दिसली की समजावं, देवाच्या आडून दुसरंच काही चाललंय. मुलांच्या बाबतीत हेच जिमच्या आडून चालतं. स्पर्धेआधी पाणी तोडणं, भात-पोळी पूर्ण बंद, आणि शनिवारी रात्री 'चीट डे' म्हणून बेदम खाणं-पिणं. मुलगा असल्यामुळे कुणाला शंकाच येत नाही.

खाण्याचे आजार बारीक माणसालाच होतात, हा गैरसमज फार महागात पडतो. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये बुलिमियाचं, म्हणजे ताबा सुटून खायचं आणि मग मुद्दाम उलटी वगैरे करून ते बाहेर काढायचं, या आजाराचं वर्णन केलं. त्या आजारात वजन बहुधा नेहमीसारखंच असतं. खाऊन मुद्दाम उलटी करणाऱ्यांच्या शरीरातलं पोटॅशियम घसरतं, आणि पोटॅशियम घसरलं की हृदयाचे ठोके चुकतात. त्यात दारूची उलटी आणि शरीरातलं कमी झालेलं पाणी यांची भर पडली तर धोका वाढतो. वारंवार उलट्यांनी दातांचं आवरण झिजतं, गालांखालच्या ग्रंथी सुजतात, बोटांच्या सांध्यांवर घट्टे पडतात. उलटीनंतर लगेच दात घासू नयेत, आम्लाने मऊ झालेलं आवरण ब्रशने निघून येतं. साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा तास थांबावं. पाळी तीन महिने चुकली तर ती "टेन्शनमुळे" म्हणून सोडून देऊ नये. याच वयात हाडं कमाल ताकदीला पोचत असतात आणि गेलेली भर नंतर पूर्ण भरून येत नाही.

मित्र उठत नसेल तर

हा भाग प्रत्येक पीजीच्या दारामागे चिकटवावा असं आमचं मत आहे. शेवटचा ग्लास संपल्यावरही पोटातली दारू रक्तात येत राहते, त्यामुळे झोपलेल्या माणसाची अवस्था पुढच्या तासाभरात आणखी बिघडू शकते. हाक मारून, खांदा हलवून, चिमटा काढूनही जाग येत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास असतील किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडत असेल, ओठ-नखं निळसर, अंग गार, आकडी किंवा झोपेतच उलटी, यांपैकी एक जरी दिसलं तरी लगेच १०८ ला फोन करा. सगळी लक्षणं जमायची वाट पाहू नका.

गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर ठेवा. त्याच्या बाजूला गुडघ्यांवर बसा. तुमच्याकडचा त्याचा हात कोपरात वाकवून काटकोनात बाहेर ठेवा. पलीकडचा हात छातीवरून आणून त्याचा पंजा तुमच्या बाजूच्या गालाखाली धरा. पलीकडचा गुडघा उभा करा आणि त्या गुडघ्याला धरून त्याला तुमच्याकडे वळवा. डोकं थोडं मागे, तोंड किंचित खाली, म्हणजे उलटी झाली तर बाहेर पडेल, श्वासनलिकेत जाणार नाही. उताणं झोपवलेल्या माणसाचा जीव स्वतःच्या उलटीने गुदमरूनही जाऊ शकतो. घशात बोटं घालू नका, शॉवरखाली नेऊ नका, तोंडात काही ओतू नका. जागा असेल, नीट गिळत असेल आणि थरथरत असेल, तर साखरेचं पाणी किंवा ग्लुकोज द्या आणि तरीही डॉक्टरकडे न्या. एक क्षणही एकट्याला सोडू नका.

दवाखान्यात खरं सांगा: किती वाजता, काय, किती प्यायला, सकाळपासून काय खाल्लं होतं, कुठल्या गोळ्या चालू आहेत. "काहीच खाल्लं नव्हतं" हे वाक्य मोलाचं आहे, कारण ते ऐकून डॉक्टर आधी साखर तपासतील. आणि दीर्घकाळ नीट न खाणाऱ्या माणसाला ग्लुकोजसोबत थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) द्यावं लागतं, हे त्यांना सुचेल. घरी कळेल या भीतीने जे दोन तास वाया जातात, त्यांची भरपाई होत नाही.

वर्गात काय शिकवावं, काय नाही

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१, कडक दारूसाठी २५. म्हणजे पदवीच्या बहुतेक विद्यार्थ्यांना कायद्याने परवानगीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं की दारूचं पूर्ण सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही. दोन्ही गोष्टी मुलांना सांगायलाच हव्यात. पण तेवढंच सांगून थांबलं तर ज्या मुलांना या माहितीची सगळ्यात जास्त गरज आहे, ती पहिल्या पाच मिनिटांत कान बंद करतात.

२६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन म्हणून सभागृहात तीनशे मुलं बसवून कुजलेल्या यकृताचे फोटो दाखवायचे, हा कार्यक्रम आता सोडून द्यावा. भीती दोन दिवस टिकते. खाण्याच्या आजारांबाबत तर असं व्याख्यान नुकसानही करतं: बरी झालेली मुलगी स्टेजवरून "मी किती कमी खायचे, कसं लपवायचे" हे सांगते, आणि ऐकणाऱ्या दोघीतिघींना त्यातून युक्त्या मिळतात. वर्गासमोर वजन करणं, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) मोठ्याने वाचणं, कॅलरींची वही गृहपाठाला देणं, ही तिन्ही कामं आजच बंद करावीत.

त्याऐवजी वीस-पंचवीस जणांचा गट घ्या, दर आठवड्याला एक तास, असे चार-पाच तास. पहिल्या तासाला रंगीत पाणी, वेगवेगळ्या आकाराचे ग्लास आणि प्रयोगशाळेतलं मोजपात्र आणा. प्रत्येकाने अंदाजाने 'एक छोटा पेग' ओतायचा, मग तो मोजायचा. रुंद ग्लासात ३० मिलीच्या जागी ५० मिली सहज पडतात. मग वरचं सूत्र फळ्यावर लिहून बाटल्यांचे ग्रॅम त्यांनाच काढायला लावा. स्वतः केलेला हिशेब मुलं विसरत नाहीत.

दुसऱ्या तासाला निनावी चिठ्ठ्या. दोनच प्रश्न: गेल्या ३० दिवसांत तू दारू प्यायलास का? आणि तुझ्या मते वर्गातल्या शंभरांपैकी किती जण प्यायले असतील? बहुतेक ठिकाणी अंदाज प्रत्यक्षापेक्षा मोठा निघतो, आणि "सगळेच पितात" हा समज आकड्यांनीच गळून पडतो. सावधगिरी दोन गोष्टींची. चिठ्ठ्या आधी शिक्षकाने मोजाव्यात आणि प्रत्यक्ष आकडाच मोठा असेल तर तो वर्गात जाहीर करू नये. शिवाय वर्गात दहाबाराच मुलं असतील तर हा खेळ करू नये, कुणाची चिठ्ठी कुणाची हे ओळखू येतं.

तिसऱ्या तासाला मुलांनाच वकील करा. "बारीक असणं म्हणजेच सुंदर असणं" या कल्पनेची किंमत कोण, कशी मोजतं, हे त्यांनी धाकट्या बहिणीला पत्र लिहून पटवायचं. आपल्याच तोंडून निघालेला युक्तिवाद माणसाला आतून बांधतो. अशा पद्धतीच्या कार्यक्रमांचा खाण्याच्या आजारांच्या प्रतिबंधात चांगला उपयोग दिसला आहे. चौथ्या तासाला कुशीवर ठेवण्याचा सराव जोडी-जोडीने, जमिनीवर सतरंजी घालून. प्रत्येक तासानंतर समुपदेशकाने तासभर खोलीत थांबावं. मुलं प्रश्न वर्गात विचारत नाहीत, दारात घुटमळतात.

आणि वेळापत्रक बघा. पनवेलहून किंवा कळव्याहून साडेसातच्या लेक्चरला येणारी मुलगी साडेपाचला उठते. न खाता गाडी पकडते आणि दुपारी दोनपर्यंत तिला अर्ध्या तासाची सलग सुट्टी मिळत नाही. तिला "नाश्ता करत जा" सांगणं फुकट आहे. सकाळी साडेदहाला किमान २० मिनिटं, बारा ते दोनच्या मध्ये अर्धा तास, आणि कँटीनमध्ये अर्धी थाळी, उकडलेली अंडी, दही, केळी वाजवी दरात, हा आरोग्यशिक्षणाचाच भाग आहे. खाण्याच्या आजारांवरच्या उपचारांचा पायाही हाच: तीन जेवणं, मध्ये दोन-तीन छोटी खाणी, जागेपणी दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नाही. नियमित खाणाऱ्याचा संध्याकाळी ताबा सुटण्याची शक्यता कमी होते.

घरात आणि खोलीत कसं बोलावं

"किती छान बारीक झालीस गं!" हे वाक्य आत्या-मावश्यांनी कृपा करून सोडावं. आजाराला मिळालेली ती शाबासकी असते. उलट "हाडं दिसायला लागलीत" हेही नको. शरीराबद्दल न बोलता वागण्याबद्दल बोला, आणि जेवायच्या वेळी बोलू नका. "गेले पंधरा दिवस तुझा डबा तसाच परत येतोय, आणि शनिवारी तू न जेवताच खूप प्यायलीस. मला काळजी वाटते. आपण डॉक्टरांकडे जाऊया का? मी येते सोबत." एवढं पुरे. पहिल्यांदा ती चिडेल, नाही म्हणेल. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच, त्याच स्वरात विचारा. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, रक्ताची उलटी किंवा जीव द्यायची भाषा, यांपैकी काही असेल तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी न्यायचं.

कुठे न्यावं? घरच्या फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात करता येते. नाडी, झोपून आणि उभं राहून घेतलेला रक्तदाब, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम, सोडियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, साखर आणि हिमोग्लोबिन, एवढं तपासायला सांगा. मनोविकारतज्ज्ञांसाठी ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात आधी चौकशी करता येते. रात्री-अपरात्री फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं. दारू-नशेसाठी वेगळा क्रमांक १४४४६.

डॉक्टरांकडे जाताना "दारू जास्त होते" एवढंच सांगू नका आणि "नीट जेवत नाही" एवढंच सांगू नका. दोन्ही एका दमात सांगा. एकच सांगितलं तर उपचारही अर्ध्याचेच होतात: व्यसनमुक्तीत दारू थांबते आणि उपासमार चालू राहते, किंवा आहारतज्ज्ञ तक्ता लिहून देतात आणि शनिवारी रात्री तो तक्ता ग्लासात बुडतो.